शाश्वत कार्यालयीन इमारत : खर्चनियोजन व नियंत्रण

ऊर्जा, पाणी व बांधकामसाहित्य यांचा वापर कमीत कमी ठेवून आत काम करणाऱ्यांना पुरेसा उजेड, स्वच्छ हवा व सुसह्य तापमान लाभेल अशा रीतीने रचलेल्या कार्यालयीन इमारतीस शाश्वत किंवा हरित कार्यालयीन इमारत म्हणतात. अशी इमारत मंजूर रकमेत उभी करणे आणि तिच्या पुढील चाळीस-पन्नास वर्षांच्या वापराचा खर्चही आटोक्यात राहील अशी व्यवस्था करणे, या दोन्ही गोष्टी तिच्या खर्चनियोजनात येतात. पहिली गोष्ट अंदाजपत्रकात दिसते. दुसरी बहुधा दिसत नाही. शाश्वततेची साधने ही नेहमीच्या इमारतीवर वरून चढविलेली वेगळी भर मानली, तर ती महाग पडतात आणि पैसा अपुरा पडू लागताच प्रथम तीच गळतात. याउलट ऊर्जावापराची मर्यादा, लागणारे क्षेत्रफळ व उपलब्ध रक्कम ही तिन्ही आरंभीच एकत्र ठरविली, तर फारसा जादा खर्च न करता उद्दिष्ट साधते, असा गेल्या दोन-तीन दशकांतील अनेक प्रकल्पांचा अनुभव आहे.

जादा खर्चाचा प्रश्न : शाश्वत इमारत नेहमीच्या इमारतीपेक्षा कितीने महाग पडते, याचा अभ्यास अमेरिकेत विशेष झाला आहे. कॅलिफोर्निया राज्यासाठी २००३ मध्ये तयार केलेल्या अहवालात ग्रेगरी कॅट्स यांनी ३३ हरित इमारतींची (२५ कार्यालये व ८ शाळा) छाननी केली. तीत सरासरी जादा खर्च बांधकामखर्चाच्या दोन टक्क्यांहून किंचित कमी आढळला. डेव्हिस लँगडन या खर्चसल्लागार संस्थेने २००४ व २००७ मध्ये निराळ्या मार्गाने पाहणी केली. हरित प्रमाणपत्रासाठी बांधलेल्या आणि तसा हेतू नसलेल्या इमारतींचे दर चौरस फुटाचे खर्च तिने शेजारी शेजारी मांडले, तेव्हा दोहोंच्या सरासरीत संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण असा फरक दिसला नाही. दोन्ही प्रकारांत स्वस्त इमारती होत्या आणि महागही होत्या. एकाच प्रकारातील दोन इमारतींमधील अंतर हे दोन प्रकारांमधील अंतरापेक्षा कितीतरी मोठे होते.

हे दोन निष्कर्ष वरवर पाहता विसंगत वाटतात; परंतु जादा खर्च कशाच्या तुलनेत मोजावयाचा, या प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरे भिन्न आहेत. पहिल्या पद्धतीत त्याच इमारतीची एक ‘साधी’ आवृत्ती कल्पिली जाते. ही आवृत्ती प्रत्यक्षात कधीच बांधली जात नसल्याने तिचा खर्च कल्पिणाऱ्याच्या अंदाजावर अवलंबून राहतो. आयात ग्रॅनाइट व पडदीवजा काचेची दर्शनी भिंत हीच ‘साधी’ इमारत मानली, तर कोणतीही शाश्वत इमारत स्वस्तच ठरेल. म्हणून तुलनेपेक्षा निश्चित रकमेत काय मिळू शकते हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो.

आयुष्यकालीन खर्च : इमारतीच्या एकूण खर्चात जमीन, बांधकाम, वित्तपुरवठ्यावरील व्याज, वीज व पाणी, देखभाल, यंत्रसामग्रीची बदली आणि शेवटी मोडतोड यांचा अंतर्भाव होतो. या सर्व रकमा वेगवेगळ्या काळी खर्च होत असल्याने त्या वटाव दराने वर्तमान मूल्यात आणून मगच त्यांची बेरीज करतात. उदा., एखाद्या साधनामुळे दरवर्षी १० लाख रुपयांची वीज वाचणार असेल व ते २० वर्षे टिकणार असेल, तर ८ टक्के वटाव दराने या बचतीचे वर्तमान मूल्य सु. ९८ लाख रुपये होते. वटाव दर १२ टक्के धरल्यास ते सु. ७५ लाखांवर येते. दर ८ टक्केच ठेवून विजेचे दर प्रतिवर्षी ४ टक्क्यांनी वाढतील असे मानले, तर ते सु. १ कोटी ३२ लाख होते. साधन एकच, बचतही एकच. परंतु ९० लाख रुपये किंमत असल्यास एका हिशोबात ते घ्यावयाचे आणि दुसऱ्यात वगळावयाचे ठरते. यास्तव वटाव दर व दरवाढीचे गृहीतक ही प्रकल्पाच्या प्रारंभी लेखी ठरवून घेणे आवश्यक असते. एखादे साधन नको असले की चढा वटाव दर हुडकून काढण्याचा प्रघात काही कमी नाही.

‘किती वर्षांत पैसे फिटतात’ हा साधा परतफेडीचा हिशोब समजण्यास सोपा असल्याने लोकप्रिय आहे. तथापि पैसे फिटल्यानंतरच्या वर्षांतील लाभ तो विचारात घेत नाही. भिंती, छज्जे, खिडक्या यांसारखे पन्नास वर्षे टिकणारे भाग आणि दहा-पंधरा वर्षांत बदलावी लागणारी यंत्रे यांना तो एकाच मापाने मोजतो आणि त्यामुळे टिकाऊ भागांवर अन्याय होतो.

या संदर्भात बांधकाम, देखभाल व आत काम करणाऱ्यांवरील खर्च यांचे १ : ५ : २०० हे प्रमाण वारंवार सांगितले जाते. ब्रिटनच्या रॉयल अकॅडमी ऑफ एंजिनिअरिंगने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधातून ते रूढ झाले. २००४ मध्ये रेडिंग विद्यापीठातील संशोधकांनी त्याचा मागोवा घेतला, तेव्हा मूळ आकड्यांना आधार सापडला नाही. त्यांनी तपासलेल्या इमारतींत हे प्रमाण सु. १ : ०·४ : १२ असे आले. कर्मचाऱ्यांवरील खर्च बांधकामाच्या अनेक पटींनी मोठा असतो हे तत्त्व यामुळे बाधित होत नाही. मात्र २०० हा आकडा हिशोबात धरून उत्पादकतेच्या किरकोळ वाढीतून वाटेल त्या खर्चाचे समर्थन करणे योग्य नव्हे.

आराखड्यातील निर्णय व खर्च : इमारतीचा बांधकामखर्च आणि वीजवापर यांचा मोठा भाग पहिल्या काही रेखाटनांतच निश्चित होतो. इमारतीची दिशा, मजल्याची रुंदी, मजल्याची उंची आणि भिंतीतील काचेचे प्रमाण हे ते निर्णय होत. मजल्याची रुंदी हे यांतील चांगले उदाहरण आहे. १,००० चौ. मी.चा चौरस मजला घेतल्यास त्याचा परिघ सु. १२६ मी. भरतो. तेवढेच क्षेत्रफळ १८ मी. रुंदीच्या पट्टीत बसविले, तर परिघ सु. १४७ मी. होतो, म्हणजे बाहेरची भिंत सु. १६ टक्क्यांनी वाढते व तिच्याबरोबर खर्चही वाढतो. मात्र १८ मी. रुंदीत दोन्ही बाजूंचा उजेड जवळजवळ मध्यापर्यंत पोहोचतो, दिवसा दिवे बंद ठेवता येतात, दिव्यांची उष्णता कमी झाल्याने शीतनाचा भार उतरतो. चौरस मजल्याच्या गाभ्यात दिवसाही दिवे लागतात. भारतात लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवल्यास दक्षिणेचे उन्ह साध्या आडव्या छज्जाने अडविता येते. पश्चिमेचे खाली उतरलेले उन्ह अशा छज्जाने अडत नाही. दिशा योग्य ठेवण्यास बहुतेक वेळा काहीच खर्च येत नाही, पण अंदाजपत्रकात तिच्यासाठी बाबच नसल्याने तिच्याकडे दुर्लक्ष होते.

काचेचे क्षेत्र कमी केले, छज्जे दिले आणि छतावर उष्णतानिरोधक थर घातला म्हणजे इमारतीत शिरणारी उष्णता घटते. तेवढ्याने शीतनयंत्र लहान होते. वायुवाहिन्या अरुंद होतात व छताखालील पोकळी कमी करता येते. रोहित्र, विद्युत् तारा व पर्यायी जनित्र यांची क्षमता उतरते. मंजूर भार घटल्याने वीजदेयकातील मागणी आकार कायमचा कमी होतो. अशा रीतीने एका ठिकाणी वाढलेला खर्च चार ठिकाणी परत मिळतो. शाश्वत इमारत जादा खर्चाविना बांधण्याचे रहस्य असलेच तर ते येथे आहे.

व्यवहारात मात्र ही साखळी तुटते. भिंत, छज्जा व काच या बाबी स्थापत्याच्या शीर्षात, शीतनयंत्र यांत्रिकी शीर्षात आणि रोहित्र विद्युत् शीर्षात येते. प्रत्येक शीर्षाचा सल्लागार वेगळा असतो व आपल्या गणितावर सुरक्षिततेसाठी थोडी वाढ करतो. अशा वाढीवर वाढ होऊन यंत्रे गरजेपेक्षा मोठी घेतली जातात. छज्जे दिल्यानंतरही शीतनयंत्राची क्षमता ‘इतक्या चौरस फुटांस एक टन’ या ठोकताळ्यानेच ठरली, तर छज्जांचा खर्च तेवढा होतो आणि त्याची बचत कोठेच उमटत नाही. सल्लागारांचा मोबदला कामाच्या किंमतीच्या टक्केवारीने ठरत असल्यास यंत्र लहान करण्यात त्यांचा तोटाच असतो. म्हणून अशा प्रकल्पांत ठोक मोबदला अधिक सयुक्तिक ठरतो.

मूल्य अभियांत्रिकी : वस्तूचे कार्य कायम ठेवून ते कमी खर्चात कसे साधेल, हे शोधण्याची ही पद्धती लॉरेन्स माइल्स यांनी १९४० नंतरच्या दशकात जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत विकसित केली. बांधकामात तिचे नाव पुष्कळदा निव्वळ काटछाटीला दिले जाते. निविदा अंदाजापेक्षा जास्त आल्या की बाबींची यादी पुढे घेऊन ज्या काढल्या तरी इमारत उभी राहते त्यांवर फुली मारली जाते. बाह्य छज्जे, दिव्यांची स्वयंचलित नियंत्रणे, उपमापक, सांडपाण्याच्या पुनर्वापराची यंत्रणा या बाबी सहज सुट्या होतात; पाया व तुळया होत नाहीत. छज्जे गेले आणि शीतनयंत्र त्यांच्या भरवशावर आधीच लहान केलेले असले, तर पहिल्याच वैशाखात तक्रारी सुरू होतात, सुटी वातानुकूलन यंत्रे भिंतींवर चढतात आणि वाचलेली रक्कम काही वर्षांतच वीजदेयकात जाते. ही काटछाट टाळण्याचा एक उपाय म्हणजे शाश्वततेची साधने इमारतीच्या शरीरातच मुरविणे. भिंत हीच निरोधक असेल, तर तिच्यावर फुली मारता येत नाही.

गोल्डन येथील प्रकल्प : अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात गोल्डन येथे राष्ट्रीय पुनर्नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेची ‘रिसर्च सपोर्ट फॅसिलिटी’ ही कार्यालयीन इमारत २०१० मध्ये पूर्ण झाली. सु. २०,६०० चौ. मी. (२,२२,००० चौ. फुट) क्षेत्रफळाची व आठशेहून अधिक कर्मचाऱ्यांसाठी असलेली ही इमारत खर्चनियंत्रणाच्या दृष्टीने विशेष अभ्यासली गेली आहे. येथे प्रथम आराखडा करून मग निविदा मागविण्याची नेहमीची रीत सोडून देण्यात आली. आराखडा व बांधकाम एकाच गटाकडे देणारे ६·४ कोटी डॉलरचे निश्चित मूल्याचे कंत्राट काढण्यात आले आणि या रकमेत कोण जास्तीत जास्त देतो, यावर स्पर्धा झाली. मागण्यांचे तीन वर्ग केलेले होते : अत्यावश्यक, अत्यंत इष्ट आणि शक्य असल्यास. वापराइतकी ऊर्जा जागेवरच निर्माण करणे ही मागणी शेवटच्या वर्गात होती. तरीही निवडलेल्या गटाने ती आराखड्यात सामावून घेतली. वार्षिक ऊर्जावापराची मर्यादा (संगणक केंद्रासह दर चौ. मी.ला सु. ११० किलोवॉट-तास) कंत्राटाच्या अटींतच घातलेली असल्याने, पैसा कमी पडला की ऊर्जेची साधने वगळण्याचा मार्ग कंत्राटदारास मोकळा नव्हता.

काटकसर अन्यत्र केली गेली. कार्यालयाच्या पाखा सु. १८ मी. रुंद, लांब व एकाच मापाच्या खणांच्या पुनरावृत्तीने रचल्या. बाह्य भिंतीसाठी दोन काँक्रीट थरांमध्ये निरोधक असलेले पूर्वनिर्मित पट्ट वापरले. तोच पट्ट आतील अंगाचा पृष्ठभाग म्हणून उघडा ठेवल्याने आतील अस्तराचा खर्च वाचला आणि रात्रीचा गारवा साठविणारे वस्तुमानही मिळाले. तळाखालच्या पोकळीत काँक्रीटच्या भिंतींचा चक्रव्यूह रचून तेथेही उष्णता व गारवा साठविण्याची सोय केली. टाकून दिलेले नैसर्गिक वायूचे पोलादी नळ खांबांसाठी वापरण्यात आले. छतावरील सौर विद्युत् संच प्रयोगशाळेने विकत न घेता वीज खरेदी कराराने बसविला, म्हणजे त्याचे भांडवल दुसऱ्याचे व प्रयोगशाळेने केवळ विजेचे पैसे द्यावयाचे. इमारतीचा बांधकामखर्च (सौर संच वगळून) दर चौ. फुटास सु. २५९ डॉलर पडला. तेव्हाच्या त्याच दर्जाच्या नेहमीच्या कार्यालयांच्या खर्चाच्या पल्ल्यातच तो बसतो.

भारतातील उदाहरणे : उष्ण हवामानातील स्पष्ट पुरावा हैदराबादजवळ पोचारम येथील इन्फोसिस कंपनीच्या इमारतीतून मिळतो. २०११ मध्ये वापरात आलेल्या या इमारतीचे दोन सारखे अर्ध भाग (प्रत्येकी सु. ११,६०० चौ. मी.) करण्यात आले. दोहोंच्या भिंती, काचा व छज्जे सारखेच होते. एका भागात बदलत्या वायुप्रवाहाची, पण चांगल्या कार्यक्षमतेची नेहमीची वातानुकूलन पद्धती बसविली. दुसऱ्या भागात काँक्रीटच्या छतलाद्यांत पुरलेल्या नळ्यांतून थंड पाणी फिरवून प्रारणाने शीतन केले व हवा केवळ श्वसनापुरती आणि आर्द्रता काढण्यापुरती पुरविली. पहिल्या दोन वर्षांत प्रारणशीतनाच्या भागातील वातानुकूलनास सु. ३४ टक्के कमी ऊर्जा लागली. त्या पद्धतीचा भांडवली खर्चही दुसरीपेक्षा किंचित कमीच होता. प्रारणशीतनाची क्षमता मर्यादित असते. आत शिरणारी उष्णता आधीच कमी केली असेल तरच ते पुरते. म्हणजे स्वस्त व कार्यक्षम यंत्रणेची निवड छज्जे व भिंती यांमुळेच शक्य झाली.

नवी दिल्ली येथील इंदिरा पर्यावरण भवन (२०१४) हे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने बांधलेले पर्यावरण मंत्रालयाचे कार्यालय होय. सु. ३१,४०० चौ. मी.च्या या इमारतीवर ९३० किलोवॉट क्षमतेचा सौर संच असून वर्षाकाठी सु. १४ लाख युनिट वीज निर्माण होईल असा त्याचा आराखडा आहे; म्हणजे इमारतीने दर चौ. मी.ला वर्षाला ४५ युनिटांच्या आसपासच वापर ठेवला पाहिजे. यासाठी दर २० चौ. मी.ला एक टन या शीतनाच्या मापाऐवजी दर ४० चौ. मी.ला एक टन इतक्यावर भार आणला. शिवाय ८० मी. खोलीच्या १८० विंधन छिद्रांतून सु. १६० टन शीतनाची उष्णता जमिनीत सोडण्याची योजना केली, त्यामुळे शीतन मनोऱ्यात वाफ होऊन जाणारे पाणी वाचते. वापर इतका खाली का आणावा लागतो, हे साध्या गणिताने कळते. छतावर एक किलोवॉटचा सौर संच बसविण्यास, वाटा धरून, सु. १० चौ. मी. जागा लागते व त्यातून भारतात वर्षाला साधारणतः १,४०० युनिट मिळतात. दर चौ. मी.ला १०० युनिट वापरणाऱ्या कार्यालयाचे संपूर्ण छत झाकले तरी जेमतेम दीड मजल्याची गरज भागते. ४५ युनिट वापरणाऱ्या कार्यालयाच्या तीन मजल्यांची भागते. सौर पट्टांच्या किंमती २०१० नंतर पुष्कळ घसरल्या, छत मात्र तेवढेच राहिले. दिल्लीच्या या भवनात पट्टांना छताची कड ओलांडून बाहेर यावे लागले ते यामुळेच.

शासकीय व व्यापारी बांधकामांतील अडचणी : शासकीय इमारतीचा भांडवली खर्च बांधकाम विभागाच्या अनुदानातून होतो व तिचे वीजदेयक वापरणाऱ्या कार्यालयाच्या महसुली खर्चातून भरले जाते. एकाने केलेली काटकसर दुसऱ्याच्या माथी बसते आणि दोन्ही लेखे कधी एकत्र येत नाहीत. प्राथमिक अंदाजपत्रक जोत्याच्या क्षेत्रफळाच्या दराने केले जाते. या दरात चांगल्या आराखड्याला वेगळी जागा नसते. दरसूचीत नसलेल्या बाबींसाठी दर विश्लेषण करून मंजुरी घ्यावी लागते, म्हणून अभियंत्यांचा कल ओळखीच्या बाबींकडे राहतो. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याच्या नियमात यंत्राची खरेदी किंमत मोजली जाते, त्याचा वीजवापर मोजला जात नाही. रोहित्रांच्या खरेदीत ऊर्जाहानीचे मूल्य किंमतीत मिळवून निविदांची तुलना करण्याची पद्धत विद्युत् क्षेत्रात पूर्वीपासून आहे. शीतनयंत्रे व उदंचन संच यांनाही ती लावण्यात तांत्रिक अडचण कोणतीच नाही.

भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या इमारतीत हीच दुफळी विकासक व भाडेकरू यांच्यात असते. ती अंशतः भरून काढण्यासाठी महाराष्ट्रात २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत हरित मानांकन मिळविणाऱ्या इमारतींना मूळ चटई क्षेत्र निर्देशांकावर श्रेणीनुसार ३, ५ वा ७ टक्के जादा निर्देशांक देण्याची तरतूद आहे. जमिनीची किंमत चढी असलेल्या शहरांत हे प्रोत्साहन मोलाचे ठरते. मात्र ते मानांकनाला मिळते, प्रत्यक्ष वीजदेयकाला नाही. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने (२००७, सुधारित २०१७) मोठ्या व्यापारी इमारतींच्या भिंती, छत, काच व यंत्रे यांसाठी किमान मर्यादा घालून दिल्या. जेथे ती लागू झाली तेथे त्या मर्यादेपर्यंतचा खर्च ‘जादा’ म्हणण्याचे कारण उरले नाही.

बांधकामकाळातील नियंत्रण : काम सुरू झाल्यानंतर खर्च वाढण्याचे मुख्य कारण म्हणजे आराखड्यातील बदल. अंदाजपत्रकात अनपेक्षित बाबींसाठी साधारणतः ३ ते ५ टक्के रक्कम ठेवतात. ती मालकाच्या उशिरा सुचलेल्या हौशींसाठी नसते. काही सोयी आरंभी नगण्य खर्चात होतात आणि मागाहून केवळ तोडफोड करूनच होतात. शौचालयांतील फ्लशसाठी प्रक्रिया केलेले पाणी नेणारी स्वतंत्र नळमालिका, छतावर सौर संचाचा भार पेलण्याची तरतूद व मजलावार वीजमापकांसाठी जागा ही त्यांची उदाहरणे होत. पैसा अपुरा असल्यास संच पुढील टप्प्यासाठी ठेवावा, पण नळ व भारक्षमता आताच द्यावी. राखेच्या विटा व राखमिश्रित सिमेंट ही साहित्ये बहुधा नेहमीच्या साहित्याहून महाग पडत नाहीत. औष्णिक वीजकेंद्रांच्या परिसरात तर नाहीतच. हलके वायुमिश्रित काँक्रीट ठोकळे वापरल्यास सांगाड्यावरचा भार उतरून पोलादाची बचत होते, मात्र सांगाड्याचे गणित करण्यापूर्वी तसे ठरलेले असले पाहिजे.

कंत्राटातील ‘किंवा समतुल्य’ हे शब्द विशेष जपून वापरावे लागतात. काचेसाठी केवळ रंग व जाडी सांगितली, तर तशी दिसणारी पण दुप्पट उष्णता आत सोडणारी काच समतुल्य म्हणून बसविली जाऊ शकते. म्हणून सौर उष्णता-प्राप्ती गुणांक, उष्णता-संक्रमण गुणांक व दृश्य प्रकाशाचे पारगमन यांची मूल्ये निविदेतच द्यावीत व चाचणी प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज देयक देऊ नये.

इमारत ताब्यात घेण्यापूर्वी शीतनयंत्रे, पंखे, झडपा, संवेदके व नियंत्रणे यांची एकत्रित कार्यचाचणी घेतात. हिवाळ्यात पूर्ण झालेल्या इमारतीची शीतनयंत्रणा उन्हाळ्यात पुन्हा तपासावी लागते. प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतींपैकी काहींचा वीजवापर गणिताने काढलेल्या आकड्याहून बराच अधिक आढळतो. रात्रभर चालू राहिलेले पंखे, चुकीच्या जागी बसविलेली संवेदके, संगणकांचा न धरलेला भार व ठरल्यापेक्षा लांबलेल्या कामाच्या वेळा ही त्याची नेहमीची कारणे होत. दिवे, वातानुकूलन, उद्वाहने व संगणक यांचे मापक वेगळे असल्यास दोष कोणत्या शीर्षात आहे ते लगेच कळते. एकच मापक असल्यास केवळ देयक मोठे आल्याचे कळते. उपमापकांचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने अत्यल्प असतो. कंत्राटदार व सल्लागार यांच्या मोबदल्याचा काही भाग वापराच्या पहिल्या वर्षाची मापकनोंद हाती येईपर्यंत राखून ठेवण्याची अट दोषदायित्व कालावधीच्या कलमाला जोडता येते. त्या मुदतीत मालकाच्या देखभाल कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण पूर्ण व्हावे व नियंत्रणांची मराठी वा स्थानिक भाषेतील सूचनापुस्तिका यंत्रकक्षात ठेवली जावी, असेही कंत्राटात नमूद करतात.